दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी पहिलीचे कागद

पापणीवरील पहिली शस्त्रक्रिया बिघडली तरी दुसरीने ती सहज सुधारता येते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पापणीची त्वचा अत्यंत पातळ असते. ती प्रमाणाबाहेर कापली गेल्यास डोळा पूर्ण मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि दृष्टीलाच धोका संभवतो. मग अनेकदा कानामागची त्वचा काढून पापणीवर बसवावी लागते. बुबुळ सुरक्षित असेल, तर व्रण निवळेपर्यंत काही महिने थांबणेच श्रेयस्कर.

दुसऱ्या शल्यविशारदाला आधी हवे असते ते पहिल्या शस्त्रक्रियेचे टिपण : त्वचा किती काढली, कोणत्या स्नायूला हात लावला. अंबाजोगाईत ग्रामीण रुग्णांसाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तरी अशा फेरशस्त्रक्रियांचे तज्ज्ञ प्रामुख्याने महानगरांतच आहेत. तेथवर जाणाऱ्या रुग्णाजवळ हे टिपण नसेल, तर डॉक्टरांना अंदाजानेच पुढे जावे लागते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. मात्र आंतररुग्णांच्या नोंदी जपण्याची सक्ती तीनच वर्षांची. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये तर ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेरच आहेत. अशा रुग्णालयांतील गरिबाला आधार उरतो तो कागदाचाच. तो मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. रुग्णाला घरी सोडतानाच शस्त्रक्रियेचे टिपण देण्याची सक्ती शासनाने करावी.