आधी ऐका, मग बोला

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धारवाडच्या सुभाष रोडवर एका हार्डवेअरच्या दुकानात मी नळाला घालायचे नायलॉनचे वॉशर मागितले. एक-दोन नव्हे, चांगले डझनभर. दुकानदार ओळखीचा. डोळे मोठे करून म्हणाला, "एन्रि सर, मन्यागिन नळ एल्ला सोराक हत्याव एनु?"

घरातले नळ ठीक होते. मला त्या वॉशरवर तांब्याची बारीक तार गुंडाळून रेडिओची कॉइल करायची होती. हवी ती लहर आत घ्यायची आणि नको ती बाहेर ठेवायची, हे त्या कॉइलचं काम.

वाचकहो, हा हॅम रेडिओचा छंद. केंद्र सरकारची परीक्षा देऊन लायसन्स मिळवायचं, 'व्हीयू'नं सुरू होणारं आपलं एक सांकेतिक नाव घ्यायचं आणि घरात बसून दूरदूरच्या हॅम मंडळींशी बोलायचं. तयार परदेशी सेट तेव्हा आमच्या पगाराला झेपणारे नव्हते. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू टू ईएसई) यांनी 2003 च्या सुमारास 'बिटएक्स' नावाचा सेट आखला. साधे ट्रान्झिस्टर, टीव्हीच्या अँटेनाच्या जोडणीतला फेराइटचा तुकडा आणि हे नळाचे वॉशर! आराखडा त्यांनी सगळ्यांना खुला केला आणि जगभरच्या लोकांनी तो घरी बांधला. मूळ सेट 14 मेगाहर्ट्झचा. मी कॉइल आणि कपॅसिटर बदलून तो 7 वर उतरवला, कारण सकाळी आपल्या देशातली मंडळी तिथंच भेटतात.

ताकद किती? सहा वॅट. आपला जुना झीरोचा दिवासुद्धा याहून जास्त वीज खातो. गच्चीवर वीस मीटर तार ताणली तेव्हा शेजारच्या अज्जींनी विचारलं, "इष्ट सण्ण डब्बी, अष्ट दूर होगतैतेनु?" जातं, अज्जी. आकाशात उंचावर आयनांबर नावाचा थर आहे, तिथून लहर परतून शेकडो किलोमीटरवर उतरते. पुढं अज्जी त्या तारेवर धुणं वाळत घालू लागल्या, ते वेगळं!

पण कमी ताकदीच्या माणसाला आरडाओरडा करून चालत नाही. आधी बराच वेळ ऐकायचं. कोण बोलतोय, कुठं फट आहे, ती सापडली की दोन शब्द टाकायचे. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली, तेव्हा हॅम भारती प्रसाद योगायोगानं पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन बंद पडले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रेडिओवरून अंदमानच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोचवली. पलीकडं कुणीतरी कान देऊन बसलं होतं, म्हणूनच ते झालं.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत लोकांना सांगायचो. आणि 2011 च्या एका रविवारी सकाळी माझी सगळी ऐट उतरली.

कानाला हेडफोन. रत्नागिरीकडचा एक अगदी क्षीण आवाज खरखरीतून वर येत होता. एवढ्यात सौ. दारात आली, काहीतरी म्हणाली. मी तिच्याकडं न बघताच हात वर केला, म्हणजे गप्प बस. ती परत गेली. पाच-दहा मिनिटांनी अज्जींचा मुलगा धावत वर आला तेव्हा कळलं. ती म्हणाली होती, "अहो, डावा हात भरून आलाय." मी ऐकलं नाही म्हणून ती भिंत धरून अज्जींकडं गेली होती.

त्यानंच तिला रिक्षात घातलं, मी मागून पळालो. हृदयविकाराचा झटका होता. देवाची कृपा, वेळेत पोचलो, ती वाचली. हॉस्पिटलच्या बाकावर रात्रभर बसून एकच विचार करत होतो. खरखरीतून रत्नागिरीचा आवाज वेचून काढणारा मी, सहा फुटांवरचा आवाज मला नको असलेला वाटला!

घरी आल्यावर तिनं त्यावरून एक अक्षर काढलं नाही. मीच सेट माळ्यावर टाकला. महिन्याभरानं तिनंच तो खाली काढायला लावला. म्हणाली, "तुमचा छंद काही वाईट नव्हता हो."

आता टेबल दाराकडं तोंड करून मांडलंय. एका कानाला हेडफोन, दुसरा मोकळा. ती दारात दिसली की मी पलीकडच्याला "स्टँडबाय" सांगतो. तोही संसारी माणूस, थांबतो. परवा बारा वर्षांचा नातू सुटीत आला होता. परीक्षेला बसायचं वय झालंय, त्याला वॉशरवर तार गुंडाळायला शिकवत होतो. ती चहा घेऊन आली. मी मान वर करण्याआधीच ती नातवाला म्हणाली, "आजोबांना सांग, स्टँडबाय."