भावासाठी इनबॉक्समध्ये या

गणपती तोंडावर आले की आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोदकांचा पूर येतो. मोदकांवर माझा राग नाही. हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना माझ्या पोटाचा घेर ठाऊक आहे. राग आहे तो त्यांच्या जाहिरातींवर. "परंपरेचा सुगंध, मायेचा स्पर्श आणि चवीचा अविस्मरणीय प्रवास!" अशी सुरुवात. मग आठ ओळी नुसता गहिवर. अधूनमधून फुलं, दिवे, जोडलेले हात. आणि सगळ्यात शेवटी, "भावासाठी इनबॉक्समध्ये या."

अहो, डब्यात मोदक किती? उकडीचे की तळणीचे? ऑर्डर कधीपर्यंत द्यायची? आणायला दुबईतल्या करामात यायचं की शारजाला? संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये शारजाहून दुबईत येईपर्यंत त्या मोदकांचं काय होतं, ही माझी चिंता आहे, आणि तिथे मायेचा स्पर्श काही कामाचा नाही.

त्याच दिवशी एसीचे डक्ट साफ करून देणाऱ्याचा मेसेज आला. त्यातही प्रवास होताच, शुद्ध श्वासाकडे नेणारा. मग लक्षात आलं, सगळ्यांचा लेखक एकच आहे. फोनमधल्या एआयला "छान जाहिरात लिहून दे" म्हटलं की तो मोदकाला आणि डक्टला एकाच सुरात ओवाळतो. त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ना अकरा मोदकांचा भाव कुणी सांगितला, ना डक्टमधून काय निघालं ते. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो विशेषणंच वापरणार.

खरं तर इथे जाहिरात हा आता थट्टेचा विषय राहिलेला नाही. यूएई मीडिया कौन्सिलने २०२५च्या जुलैत 'अ‍ॅडव्हर्टायझर परमिट' जाहीर केलं. सोशल मीडियावर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करायची, मग ती पैसे घेऊन असो की फुकट, तर हे परमिट काढायचं आणि त्याचा नंबर अकाउंटवर दिसेल असा लावायचा. पहिली तीन वर्षं फी नाही. स्वतःचाच माल विकणाऱ्याला यातून सूट आहे. म्हणजे मोदकवालीने आपल्या मोदकांचं कौतुक खुशाल करावं. पण भेट आलेला मोदक खाऊन कॅमेऱ्यासमोर डोळे मिटून 'अहाहा' करणाऱ्याला नंबर लावावा लागेल. आठ ओळींचा गहिवर काढण्यासाठी मात्र अजून परमिट लागत नाही.

मराठी माणसाला आटोपशीर लिहिता येत नाही असं नाही. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आठवा. शब्दाला पैसे पडायचे, तेव्हा खोली भाड्याने देणारा तीन ओळींत मजला, पाण्याची वेळ, डिपॉझिट आणि 'एजंट नकोत' एवढं सगळं बसवायचा. लग्नाच्या जाहिरातीत तर उंची, गोत्र, पगार आणि भावी सासूचा स्वभाव, सगळं कळायचं. आता शब्द फुकट झाले आणि माहिती महाग झाली. त्यात इन्स्टाग्रामवर मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्याशिवाय उघडत नाही. त्या ओळीही परंपरेच्या सुगंधात गेल्या, तर भावापर्यंत पोहोचणार कोण?

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनी करामात लायसन्स घेऊन लहानसं किचन चालवतात. "भाऊजी, तुम्ही पेपरात लिहिता, जरा भारीतलं काहीतरी लिहून द्या ना," म्हणाल्या. मी म्हटलं, आधी मोदक कसा करता ते सांगा. त्यावर त्या जे बोलत सुटल्या! इथे मल्याळी सुपरमार्केटमध्ये नारळ यंत्रावर खवून मिळतो, पण वहिनी तो घेत नाहीत. यंत्र थांबायचं कळत नाही, करवंटीलगतची काळी साल खोबऱ्यात येते आणि सारण करडं दिसतं, हे त्यांचं म्हणणं. त्या स्वतः खवणी घेऊन बसतात आणि पांढरं संपलं की हात थांबवतात. पिठी आंबेमोहोराचीच. उकड गरम असतानाच मळायची, थंड झाली की पारीला चिरा पडतात. कळ्या मोजत नाही म्हणाल्या, पण बोटं मोजत असावीत.

"वहिनी, हेच लिहा." "इश्श, यात लिहिण्यासारखं काय आहे?" त्यांना तो अविस्मरणीय प्रवास हवा होता. बराच वाद झाला. शेवटी हे ठरलं: "उकडीचे मोदक. अकरांचा डबा ५५ दिरहम. ऑर्डर आदल्या रात्री आठपर्यंत. नारळ हाताने खवलेला, काळी साल नाही. पार्किंग शोधू नका. खाली गाडी थांबवून फोन करा, डबा काचेपाशी आणून देऊ."

पार्किंगची ओळ माझी. तिचा मला अभिमान आहे. करामात रविवारी पार्किंग फुकट असतं, म्हणून त्या दिवशी ते मिळतच नाही. बाकीच्या दिवशी पैसे पडतात, तरीही मिळत नाही. कॅफेटेरियावाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. गाडी समोर थांबली की पोऱ्या हजर, काच खाली, करक हातात. चहा बरा असतो, म्हणजे दूध आटलेलं आणि साखर नको तितकी. पण गाडीतून उतरावं लागत नाही, यावरच तो धंदा उभा आहे. उन्हाळ्यात या शहरात माणसाला गाडीबाहेर काढणं मोदकानेही जमायचं नाही.

ऑर्डरी भरपूर आल्या. एकाही माणसाने नारळाबद्दल विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "नक्की खाली आणून देणार ना?" ते काम वहिनींच्या यजमानांकडे आलं. परवा दुपारी दोन्ही हातांत डबे घेऊन ते फुटपाथवर उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या काचेत वाकून बघत होते. दुबईत पांढऱ्या गाड्यांना तोटा नाही. मला पाहून म्हणाले, "पुढच्या वर्षी मजकूर एआयकडूनच लिहून घेणार आहे."