लाकडी बैलामागचा खरा बैल

लुडविग क्नाउस या जर्मन चित्रकाराने १८६९ साली खेड्यातला एक सण रंगविला. चित्रात पुढे आहे ती उघड्यावर बसलेली मुलांची पंगत. थोरामोठ्यांची जेवणे मागे चालली आहेत. चित्राला नाव दिले आहे एका म्हणीचे: म्हातारे जसे गातात, तशी पिल्ले चिवचिवतात. आज ते बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे.

क्नाउस तरुणपणी हेसे प्रांतातल्या विलिंग्सहाउझेन या खेड्यात जाऊन राहिला. तिथल्या शेतकऱ्यांचे चेहरे, कपडे त्याने बारकाईने टिपले. रेल्वे आणि कारखाने जर्मन खेड्याचे रूप पालटत होते, तो हा काळ.

यवतमाळकराला हे चित्र पाहून तान्हा पोळा आठवेल. पिठोरी अमावास्येला मोठ्यांचा पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, जेवणाचे आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, तोरण आणि झडत्या. त्यानंतरच्या दिवशी तोच सोहळा मुले लाकडी बैल घेऊन करतात, घरोघरी जाऊन बोजारा मागतात. जर्मन म्हण आपण अशी चाकांवर ओढतो!

पण आता गोठ्यातले बैल कमी होत आहेत आणि शिवारात ट्रॅक्टर फिरतो आहे. त्यात वाईट काही नाही. जोडी पोसणे किती महाग, हे शेतकऱ्यालाच ठाऊक. प्रश्न मुलांचा आहे. लाकडी बैल ओढणाऱ्या मुलाने खरा बैल जुंपलेला पाहिलाच नसेल, तर ते नक्कल कशाची करते आहे?

झडत्यांचेही तसेच. गावाची थट्टा, सावकाराला टोमणा, कापसाच्या भावाचे दुखणे, सारे तोरणाखाली मोठ्याने बोलायची ती मुभा होती. २००६ साली विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. कर्जाने खचलेल्या घरातही पोळा होतोच. अशा घरचा सण नुसत्या बेगडात रंगविला, तर ते कॅलेंडरावरचे चित्र होईल.

तान्ह्या पोळ्यात सर्वांत उंच, सर्वांत नटलेल्या बैलाला बक्षीस मिळते. मिळू द्या. पण एक बक्षीस वेगळेही ठेवावे: आजोबांकडून ऐकलेली झडती म्हणून दाखविणाऱ्या मुलाला, किंवा आपल्या घरचा पोळा जसा झाला तसा कागदावर काढणाऱ्या मुलीला. त्या चित्रात गोठा रिकामा असला, तरी चालेल.

पिल्ले चिवचिवणारच. त्यांच्या कानांवर काय पडते, ते मात्र आपल्या हाती आहे.