संगणकाचे दुखणे आणि निदानाची शिस्त

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. दुखण्याचे मूळ कारण ओळखणे हा एक अर्थ. ‘किमान एवढे तरी’ हा दुसरा. घरातील जुना संगणक बिघडला असता हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ज्याला दुरुस्ती येत नाही, त्यालाही निदान करता येते. आणि निदान तेवढे तरी त्याने करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम येथील अनेक घरांत नेहरू प्लेसच्या बाजारातून सुटे भाग जोडून घेतलेला डेस्कटॉप संगणक अद्याप टेबलावर आहे. मुले शिकून परगावी गेली. घरी राहिलेले ज्येष्ठ नागरिक पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि हिशेब यांसाठी त्याचाच आधार घेतात. असा संगणक एके दिवशी सुरूच होत नाही, तेव्हा घरात दोनच मते ऐकू येतात. ‘भंगारात काढा’ हे एक, आणि ‘दुकानात नेऊन टाका’ हे दुसरे. दोन्ही मतांत नेमके काय बिघडले आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मग ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो: दोष दीडदमडीच्या सेलचा असतो आणि खर्च नव्या मदरबोर्डचा होतो.

विजेपासून आरंभ

निदानाचा पहिला नियम असा, की स्वस्त व साध्या कारणापासून आरंभ करून महाग कारणाकडे जावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. एकदम तीन गोष्टी बदलल्या, तर संगणक सुरू झाला तरी दोष कशात होता ते कळत नाही.

आरंभ भिंतीतील प्लगपासून करावा. तो चालत असल्यास यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट प्लगला जोडून पाहावा. यूपीएसमधील बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते. मग वीज क्षणभर गेली तरी संगणक बंद पडतो, आणि दोष मात्र संगणकाच्या माथी मारला जातो. त्यानंतर क्रम येतो एसएमपीएसचा, म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या पेटीचा. ही पेटी घरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. तिची परीक्षा दुसरी पेटी जोडूनच करावी, आणि तीही जाणकाराकडून.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही, अशा वेळी प्रथम मॉनिटरची केबल आणि नंतर रॅम तपासावी. रॅमची पट्टी सैल झाल्यास किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ चढल्यास संगणक सहसा ठरावीक अंतराने ‘बीप’ असा आवाज करतो. प्लग काढून, हात धातूला लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी. पट्टी काढून तिची कड पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसावी आणि पुन्हा नीट बसवावी. नेहरू प्लेसचे कारागीरही आरंभ येथूनच करतात.

दहा-पंधरा मिनिटे चालून संगणक बंद पडत असेल, आणि मे-जून महिन्यांत हे अधिक लवकर घडत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. राजस्थानकडून येणारी धूळ आणि पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारा पारा हे दिल्लीच्या उन्हाळ्याचे नित्याचे रूप. ती धूळ प्रोसेसरवरील पंख्याखाली साचून तिचा थर होतो, मधली उष्णतावाहक पेस्ट वर्षानुवर्षांनी सुकते, आणि प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी काम थांबवितो. मऊ ब्रश आणि नव्या पेस्टची लहानशी नळी एवढ्यावर हे दुखणे बहुधा जाते.

संगणक अवेळी आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर पाहावेत. त्यांचे माथे सपाट असावयास हवेत. ते फुगलेले दिसले, तर दोष तेथेच असण्याचा संभव मोठा. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष कपॅसिटर जगभरातील मदरबोर्डांवर बसविले गेले होते. त्या काळातील संगणक अजून चालू असेल, तर ही पाहणी आवर्जून करावी.

घड्याळ मागे गेले की

बँकेच्या ग्राहकांना एका लहानशा दोषाची माहिती विशेष उपयोगी पडेल. मदरबोर्डवर ‘सीआर २०३२’ या नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ हाच सेल चालू ठेवतो. काही वर्षांनी सेल संपला, की संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते. बँकेच्या संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या दरम्यानच वैध असते. त्यामुळे मागे गेलेल्या घड्याळाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, आणि ब्राउझर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. ग्राहकाला वाटते, बँकेचे संकेतस्थळ बिघडले किंवा खात्यावर कोणी डल्ला मारला. वस्तुतः दोष सेलचा असतो.

अशा वेळी इशारा डावलून पुढे जाणे ही घोडचूक होय. आज इशारा निरर्थक ठरला म्हणून डावलला, तर उद्या खऱ्या बनावट संकेतस्थळापुढेही तोच हात त्याच बटणावर जाईल. प्रथम कोपऱ्यातील तारीख पाहावी; ती चुकली असल्यास सेल बदलून दुरुस्त करावी; तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर तेथेच थांबून शाखेशी संपर्क साधावा. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही अशी तक्रार आल्यास ‘आपल्या संगणकावर आजची तारीख काय दिसते?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.

दोषाचे नाव ठाऊक नसणे हेच ठगांचे भांडवल असते. ‘तुमचा संगणक दूषित झाला आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी खोटी सूचना पडद्यावर झळकवून लोकांना लुबाडणाऱ्या कॉल सेंटरांवर २०१८ साली गुरुग्राम व नोएडा येथील पोलिसांनी छापे घातले होते. त्यांचे बळी बहुतांशी परदेशांतील होते. परंतु युक्ती कोणत्याही देशात चालते. पडद्यावरील क्रमांकावर दूरध्वनी करू नये आणि अनोळखी व्यक्तीच्या हाती दूरस्थ पद्धतीने संगणक देऊ नये. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक १९३० वर विनाविलंब कळवावे.

हार्ड डिस्कचा अपवाद

स्वस्तापासून महागाकडे जाण्याच्या नियमाला एक अपवाद आहे. हार्ड डिस्कमधून ‘टक टक’ असा आवाज येऊ लागला किंवा संचिका उघडण्यास विलक्षण वेळ लागू लागला, तर सर्व चाचण्या बाजूला ठेवाव्यात. संचिका अजून उघडत असतील, तर आधी त्यांची प्रत दुसरीकडे काढावी. आवाज वाढला असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू न करता डिस्क जाणकाराच्या स्वाधीन करावी. इतर भाग बाजारात मिळतात. डिस्कवरील छायाचित्रे मिळत नाहीत.

मराठी घरांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी पत्रे, कविता, संस्थांची इतिवृत्ते श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकित होत. तो फॉन्ट नसलेल्या नव्या संगणकावर हा मजकूर निरर्थक अक्षरांची रांग म्हणून दिसतो. म्हणून संचिकांबरोबर फॉन्टचीही प्रत घ्यावी.

दुकानात जावे लागलेच, तर लक्षणांचे टिपण बरोबर न्यावे: दोष कधी दिसतो, किती वेळाने, कोणत्या आवाजासह. डिस्कचा संशय नसल्यास ती काढून घरी ठेवावी. पावती घ्यावी आणि बदललेला जुना भाग परत मागावा. असा ग्राहक पाहिला, की दुकानदारही सहसा जपून बोलतो.

निरोप देण्याची वेळ

प्रत्येक जुना संगणक वाचवावाच, असा याचा अर्थ नव्हे. मदरबोर्ड निकामी झाला आणि त्याला जुळणारे भाग मिळेनासे झाले, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. शिवाय यंत्र ठणठणीत असले तरी कार्यप्रणाली कालबाह्य असू शकते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. सुरक्षा-सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावर लेखन करावे, जुनी छायाचित्रे पाहावीत. बँकेचे व्यवहार करू नयेत. त्याच यंत्रावर लिनक्सवर आधारित प्रणाली, उदाहरणार्थ सी-डॅकची ‘बॉस’, बसविण्याचा पर्यायही विचारात घेता येईल.

निरोप द्यावयाचाच असेल, तर तोही जबाबदारीने द्यावा. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे भंगार संगणक हातांनी फोडले जातात. तांब्यासाठी तारा जाळण्याचे आणि धातूसाठी आम्ल वापरण्याचे काम लहान गल्ल्यांत, पुरेशा संरक्षणाविना होत आले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. भंगारवाल्याच्या तराजूत टाकलेला संगणक कोणत्या गल्लीत पोहोचेल, हे सांगता येत नाही. आणि त्याबरोबर डिस्कवरील पासबुकाच्या प्रती व ओळखपत्रेही जातात. केवळ ‘डिलीट’ केल्याने ती पुसली जात नाहीत. डिस्क पूर्णतः पुनर्लिखित करावी, अन्यथा फोडून टाकावी.

यंत्र वाचवावे की निरोप द्यावा, हा निर्णय घरमालकाचा आहे. मात्र तो दोष कळल्यानंतर घेतला जावा, दुकानदाराच्या सल्ल्याने किंवा भीतीपोटी नव्हे. आधी निदान, मग खर्च, हा क्रम पाळला तर पैसा वाचेल, आठवणी सुरक्षित राहतील आणि जे यंत्र खरोखर थकले आहे तेवढेच घराबाहेर जाईल.