लाइव्ह केटी की क्लिअर केटी?

परवा एक मित्र प्लेसमेंटचा फॉर्म भरत होता. एका रकान्यात प्रश्न होता, ‘लाइव्ह केटी आहे का?’ पठ्ठ्याने ऐटीत ‘नाही’ लिहिलं. एम-थ्रीमध्ये दोनदा दांडी उडाली होती साहेबांची! पण केटी सुटली, विषय संपला. कंपनीवालेसुद्धा एवढा फरक करतात.

त्याच फॉर्मवर खाली दुसरा रकाना होता. ‘तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का?’ इथे मात्र लाइव्ह आणि क्लिअर अशी भानगडच नाही. हो किंवा नाही, बस्स.

हा रकाना बघितला आणि मला आमच्या मानपाड्याचा दादा आठवला. (डोंबिवलीचं मानपाडा हो, घोडबंदर रोडवरचं नव्हे!) आमच्याच चाळीत राहतो. आयटीआय केलेला वायरमन. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपआधी फ्यूज बांधायला मला त्यानेच शिकवलं. विशीत असताना होळीच्या रात्री गल्लीत मारामारी झाली, त्यात याचंही नाव आलं. काही दिवस आधारवाडी जेल, मग कल्याण कोर्टाच्या तारखांवर तारखा. शेवटी निर्दोष सुटला. पण नोकरीला गेलं की ठेकेदार चारित्र्य पडताळणीचा कागद मागतो, त्यात केसचा उल्लेख वाचतो आणि म्हणतो, ‘कळवतो.’ ते कळवणं अजून यायचंय!

आता माझी कबुली. गेल्या टर्मला हॉस्टेलला वायरमन हवा होता. मीच दादाला अर्ज करायला लावला. त्याने केसची गोष्ट स्वतःहून सांगून टाकली. रेक्टर सरांनी आम्हा प्रतिनिधींना विचारलं, ‘मुलांची काही हरकत?’ कुणीतरी म्हणालं, ‘सर, जेलमध्ये जाऊन आलेला माणूस... रूममध्ये लॅपटॉप असतात.’ मी तिथेच होतो. गप्प बसलो. अर्ज परत गेला. संध्याकाळी दादाचा फोन आला. म्हणाला, ‘जाऊ दे रे, तुझा अभ्यास कसा चाललाय?’ त्या रात्री झोप काही लागली नाही.

मग जरा वाचलं. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी होते. म्हणजे खटला चालू, दोष सिद्ध झालेला नाही. ‘जेलमध्ये जाऊन आला म्हणजे गुन्हेगार’ हे आपलं समीकरण पहिल्याच स्टेपला चुकतं.

सरकारी नोकऱ्यांबाबत सुप्रीम कोर्टानेही यावर विचार केलाय. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की उमेदवाराने माहिती खरी द्यावी, लपवालपवी महागात पडू शकते. पण नेमणाऱ्यानेही प्रकरण किती गंभीर होतं, नोकरी कोणती आहे, हे बघावं. तरुण वयातली किरकोळ बाब माफ करता येते. दादाने त्याच्या वाटचं केलं होतं. आपण आपल्या वाटचं केलं नाही.

आणि ज्यांना खरोखर शिक्षा झाली त्यांचं काय? १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. शिक्षा झालेले कैदी तिथे मोकळ्यावर शेती करू लागले. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) प्रेरणा तीच. दिल्लीच्या तिहार जेलमध्ये तर २०११ मध्ये कंपन्या चक्क कॅम्पस इंटरव्ह्यूला गेल्या! माणूस सुधारावा असं वाटत असेल तर त्याला काम द्यावंच लागतं. रिकाम्या हातांनी कोण सुधारणार?

जोखीम नसते असं मी म्हणत नाही. अफरातफरीची शिक्षा झालेल्याला लगेच कॅशिअर करू नका, हे मलाही पटतं. पण होळीच्या मारामारीतून सुटलेला माणूस आणि ट्यूबलाइट बदलणं यांचा संबंध काय? आपल्या गॅदरिंगच्या रात्रीची हाणामारी आठवा. कुणी पोलिसांत गेलं असतं, तर त्या रकान्यात आज आपल्यातल्या किती जणांना ‘हो’ लिहावं लागलं असतं?

मित्रांनो, उद्या आपल्यातलेच काही जण एचआरच्या खुर्चीत बसतील, काही जण स्वतः ठेकेदार होतील. तेव्हा एवढंच विचारा. नेमकं काय झालं होतं? किती वर्षं झाली? निकाल काय लागला? आणि या कामाशी त्याचा संबंध आहे का?

वायरमनची जागा पुन्हा रिकामी झालीय. दुसऱ्या मजल्यावरचा गिझर तीन आठवडे बंद आहे, हे थंड पाण्याने अंघोळ करणाऱ्यांना सांगायला नको! पुढच्या मीटिंगला मी दादाचं नाव पुन्हा सुचवणार आहे, त्याच्या केससकट. रेक्टर सरांनी ‘काही हरकत?’ विचारलं, की या वेळी मी बोलणार. तुम्हीही मीटिंगला या.