आपल्या छंदाचे सोबती कोठे शोधावेत?

क्रिकेटची आवड असलेल्या मुलाला सोबती शोधावे लागत नाहीत. मैदानावर गेले की ते भेटतातच. पण ज्याला कोळ्यांची जाळी न्याहाळावीशी वाटतात, किंवा अमुक तारा परवापेक्षा आज मंद का दिसतो असा प्रश्न पडतो, त्याची स्थिती निराळी असते. त्याच्या वर्गात, गल्लीत, कधीकधी सबंध गावात त्याच्याशी त्या विषयावर दोन शब्द बोलणारे कोणी नसते. अकरावीच्या वर्गात मला दरवर्षी असा एखादा तरी विद्यार्थी भेटतो, की ज्याचा छंद आठवीत भरात होता आणि दहावीपर्यंत विझला. ‘अभ्यासाचा ताण’ असे कारण घरोघरी सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. आपण पाहिलेले कोणाला सांगता येत नाही, आणि सांगितले तरी ते बरोबर की चूक हे कोणी सांगत नाही, म्हणून बरेचसे छंद सुकतात असे माझे मत आहे.

रूपविकारी ताऱ्यांचेच उदाहरण घेऊ. ज्यांचे तेज कमीजास्त होते त्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. इंग्लंडमधील यॉर्क शहरी जॉन गुडरिक नावाचा एक तरुण राहत असे. लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हते. १७८२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो ययाती तारकासमूहातील अल्गोल ताऱ्याकडे रोज पाहू लागला. हा तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी नियमितपणे मंदावतो हे त्याने दाखविले, आणि एखादी अंधारी वस्तू ताऱ्यासमोरून जात असावी असे कारणही सुचविले. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. गुडरिकच्या बुद्धीची थोरवी आपण सांगतो, पण एडवर्ड पिगट या त्याच्या शेजाऱ्याचे नाव सहसा घेत नाही. पिगट वयाने बराच मोठा होता, त्याच्या घरी वेधाची उपकरणे होती आणि त्यालाही हाच नाद होता. दोघे एकमेकांच्या नोंदी ताडून पाहत. १७८४ च्या शरद ऋतूत पिगटला गरुड तारकासमूहातला एक रूपविकारी तारा सापडला आणि थोड्याच दिवसांत गुडरिकला वृषपर्व्यातला. आज ज्या ताऱ्यांच्या साह्याने दीर्घिकांची अंतरे मोजतात, त्या जातीचे हे पहिले दोन तारे होत!

असा शेजारी लाभणे हा योगायोग झाला. ज्याच्या शेजारी पिगट नाही त्याने काय करावे? याचे उत्तर बंगालमधील जेसोर येथे मिळते. (हे गाव आज बांगलादेशात आहे.) राधागोविंद चंद्र हे तेथे सरकारी खजिन्यात नोकरीला होते. मॅट्रिकची परीक्षा त्यांना पार करता आली नव्हती. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवतारा प्रकटला, तो त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला व आपल्या नोंदी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेकडे पाठविल्या. तेथून नुसती पोच आली नाही. रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या हौशी मंडळींची एक संघटना १९११ साली अमेरिकेत स्थापन झाली होती, तिच्याशी त्यांचा संबंध जुळला. पुढे या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठविली. चंद्र यांनी १९५४ पर्यंत ३७,००० हून अधिक नोंदी तिकडे धाडल्या. तीच दुर्बीण नंतर वेणू बाप्पू या आपल्या थोर खगोलशास्त्रज्ञाकडे गेली.

आता हा व्यवहार एकतर्फी होता असे समजू नका. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे तिकडच्या नोंदींतील खिंडार जेसोरच्या नोंदी बुजवीत. (आपल्या पावसाळ्यातील खिंडार अर्थात त्यांना बुजवावे लागे.)

चंद्र यांना पत्रोत्तरासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागे. तुम्हाला घरातल्या मोबाइलवरून एका सायंकाळी जगभरातले गट सापडतात. तरीही योग्य गट सापडत नाही, कारण शोधताना नाव फार मोघम घेतले जाते. ‘खगोलशास्त्र’ म्हणून शोधले तर लाखोंचा बाजार भेटतो, ‘रूपविकारी तारे’ म्हणून शोधले तर कामाची माणसे भेटतात. कोळी किंवा शेवाळ यांची आवड असेल तर त्यांच्या कुळाचे शास्त्रीय नाव शिक्षकांकडून माहीत करून घ्या. ते नाव जगात सगळीकडे एकच असते, म्हणून पत्त्यासारखे उपयोगी पडते. आणि दूरच्याआधी जवळचे पाहावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आहे.

गट सापडला तरी तो आपला आहे का, हे पारखावे लागते. सभासद किती हे मी पाहणार नाही. जेथे दिवसभर सुंदर छायाचित्रे व ‘वा, छान’ एवढेच चालते तेथे करमणूक होईल, छंद वाढणार नाही. नवख्याने नोंद पाठविली तर ‘किती वाजता पाहिलेस? कोणत्या ताऱ्याशी तुलना केलीस?’ असे जेथे विचारतात, तो गट धरावा. हे प्रश्न पहिल्यांदा बोचतात. पण त्यांतूनच कळते, की लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो आहे त्याहून तेजस्वी भासतो, म्हणून ओझरती नजर टाकावी लागते. हे एकट्याला कळायला वर्षे लागतील.

चांगल्या गटातही एक धोका असतो. इतरांनी आज कोणता आकडा दिला हे आधी वाचले, की आपल्या डोळ्यांना तोच दिसू लागतो. मग दहा जणांच्या दहा नोंदी नुसत्या दिसायला दहा, खरे म्हणजे ती एकाच नोंदीची उजळणी! म्हणून आधी वहीत लिहावे, मग इतरांचे वाचावे. पालकांना किंवा शिक्षकांना सांगूनच गटात जावे, हे वेगळे सांगायला नकोच. शिक्षकांनीही मोबाइलचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालू नयेत, विद्यार्थ्याशेजारी बसून तो गट एकदा पाहावा.

हिवाळ्यात आरंभ करायला मृगातला तांबूस काक्षी बरा. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला. हा फरक गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. प्रश्वाची प्रत ०.४ व रोहिणीची ०.९ आहे. तिन्ही तारे क्षितिजापासून चांगले वर आले, की काक्षी या दोघांच्या मध्ये कोठे बसतो ते ठरवा. तारीख, वेळ, अंदाज, आकाश स्वच्छ की धूसर, एवढे लिहा. अशा दहा रात्रींच्या नोंदी वहीत जमल्या, म्हणजे पहिले पत्र लिहायला हरकत नाही.