घड्याळ आणि गाव

व्यामिश्रता हा शब्द आपण कला शाखेची मुले समीक्षेच्या तासाला ऐकतो आणि परीक्षेत उतरवून मोकळे होतो. विज्ञानात मात्र या नावाचा सिद्धान्तच आहे. घड्याळ उघडून त्याचा एकेक भाग समजून घेता येतो. गाव तसे समजत नाही. तेथे एका गोष्टीला हात लावला की भलत्याच चार हलतात.

आपली आरोग्यसेवा घडते ती घड्याळजीच्या पद्धतीने. सपाटीवर ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात २०,००० ला एक. इमारत उभी राहिली की काम झाले!

रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा लोकांना औषधाआधी पाणी हवे होते. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवे तर सवर्णांना तेथे जाणे भाग! एकाच पंपाने हगवणीशी आणि विटाळाशी झुंज घेतली. गावच्याच निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. केंद्रावर जमून त्या आपापले अनुभव एकमेकींना सांगत. ही सांगासांग हाच त्या कामाचा कणा, असे मला वाटते.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. हजार वस्तीमागे एक बाई. कल्पना जवळपास तीच. पण मोबदला बराचसा कामागणिक, आणि वर नोंदवह्या. लसीची शीतपेटी घड्याळासारखीच चालावी, हे मान्य. पण ओट्यावर बसून एखाद्या सासूची समजूत घालण्यात तास गेला, तर तो तिने कोणत्या रकान्यात लिहावा?